चाकाखालचा रस्ता

१

अक्षयची गाडी माझ्याकडे आली तेव्हा दिवाळी उरकून गेली होती. भातकापणीही जवळजवळ संपली होती. पांढरी, दोन सीटची स्पोर्ट्स कार, जुनी पण लाडाने ठेवलेली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये अक्षयचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. दिवसभर शिलाई मशीनच्या खडखडाटात बसणारा हा पोरगा, त्याला वेड एकच, गाडी ट्रॅकवर पळवायची.

"दादा, दोन्ही जमलं पाहिजे," तो म्हणाला. "रोज कॅम्पातल्या खड्ड्यांतून जायचंय, तिथे कंबर नाही मोडली पाहिजे. आणि ट्रॅकवर वळणाला ती झुकली नाही पाहिजे. होगा क्या?"

"होईल. पण थोडं थोडं दोन्हीकडे सोडावं लागेल."

"सोडू ना. तुम्ही बोलाल तसं."

तो नवे शॉकअप घेऊनच आला होता. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीत, वर एक बटण. बटण एका बाजूला फिरवलं की गाडी मऊ होते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की कडक. चांगला माल होता. मात्र सोबतचे, सांध्यांत बसवायचे रबरी बुश चुकीच्या मापाचे आले होते. ते बदलून येईपर्यंत गाडी माझ्याकडेच राहणार होती.

माझी शेड म्हणजे आमच्या घराच्या बाजूला टाकलेला पत्रा. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता आहे, त्याच्यावरून एक वाट आत वळते. एक मोरी लागते, मोरीजवळ हरिचंद्रकाकांचं घर, त्यापुढे माझं, आणि मग वाट संपते. पुढे भाताची खाचरं. पूर्वी इथे आमच्याच भावकीची पाच घरं होती. जमिनी विकल्या, सगळे टॉवरमध्ये राहायला गेले. भाऊ मलाही बोलवत होता. आईला लिफ्टची भीती वाटायची म्हणून आम्ही दोघं इथेच राहिलो. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मी एकटाच. लग्नाचं जमता जमता राहून गेलं, आता कोणी विचारतही नाही.

त्यामुळे काकांचं घर ओलांडून कोणी आलं, तर ते माझ्याकडेच येत असतं. आणि बहुतेक दिवशी कोणीच येत नाही.

२

चारही शॉकअप बसवून मी गाडी घोड्यांवर ठेवली होती. घोडी म्हणजे जॅकने उचललेली गाडी टेकवायची लोखंडी तिवई. गाडीचं धूड घोड्यांवर टेकलेलं आणि चाकं खाली हवेत लोंबत होती, जमिनीपासून वीतभर वर.

शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी दुपारची लाइट जाते. पंखा बंद, कॉम्प्रेसर बंद. मी स्टुलावर बसून भात खात होतो. समोरचं डावं चाक वर गेलं.

अगदी हळू. चार बोटं वर गेलं, क्षणभर थांबलं आणि खाली आलं. मग मागचं डावं चाक तेवढंच वर गेलं आणि तेवढंच खाली आलं.

घास माझ्या हातात तसाच राहिला.

शॉकअपच्या कामात वीस-बावीस वर्षं गेली आहेत माझी, म्हणून आधी मी घाबरलो नाही. आधी हिशेब केला. नवा शॉकअप, आत दाबलेला गॅस, वर तापलेला पत्रा. तापला की गॅस फुगतो. पण गॅस फुगला तर चाक खाली ढकलेल, वर कसं घेईल? वर घ्यायचं तर स्प्रिंग दबली पाहिजे, आणि ती स्प्रिंग दोन माणसांनी जोर लावला तरी दबणारी नव्हती. खालून जोर लागल्याशिवाय लोंबतं चाक वर जात नाही. खाली काही नव्हतं.

मी हात धुतले, जवळ गेलो, वाकून पाहिलं. सिमेंटची फरशी, तेलाचा एक डाग. चाकाला हात लावला. स्थिर होतं. जोर लावून वर ढकलायचा प्रयत्न केला, हलेना.

भूक मेली होती. डबा तसाच झाकून ठेवला.

थोड्या वेळाने पुढची दोन्ही चाकं एकदम वर गेली. मग मागची दोन्ही. मग पुन्हा पुढची, पुन्हा मागची. आणि तिसऱ्यांदा.

३

मी आधी अंबरनाथला एका कारखान्यात होतो. तिथे माझं काम टेस्टिंगचं. गाडी चार पायांच्या एका यंत्रावर उभी करायची आणि यंत्राने खालून तिला हलवायचं. कुठल्याही खऱ्या रस्त्याचे खड्डे आधी मोजून आणलेले असायचे, तेच यंत्र गाडीला द्यायचं. गाडी जागेवर उभी, पण तिच्या चाकांखालून रस्ता जातोय. अख्खा दिवस मी काचेपलीकडे बसून तेच बघायचो. बघून बघून मला नुसत्या चाकांच्या हलण्यावरून सांगता यायचं, की हा पुलाचा जोड, हा खड्डा, हा गतिरोधक. पुढे तो कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. सोबतचे लोकही गेले. मी आईसाठी राहिलो.

त्यामुळे शेडमध्ये काय चाललंय हे मला त्याच दुपारी कळलं होतं. मान्य करायला आणखी दोन दिवस लागले.

गाडी रस्त्यावरून चालली होती.

चाकं फिरत नव्हती. मी टायरवर खडूची रेघ मारली होती, ती जागची हलली नव्हती. पण आधी पुढचं, मग मागचं, प्रत्येक धक्का त्याच क्रमाने येत होता. म्हणजे गाडी पुढेच जात होती. दोन धक्क्यांमधल्या वेळावरून तिचा वेगही कळत होता. घाई अजिबात नव्हती. चालत्या बैलगाडीसारखा वेग.

सुरुवातीचा रस्ता माझ्या ओळखीचा नव्हता. कच्चा होता, दगडगोट्यांचा. चाकं आपापली वेगवेगळी हलत. कधी एक बाजू बराच वेळ खाली राही, जसा उतारावर वाटेचा एक काठ खचलेला असावा. मी समोर स्टूल टाकून बघत बसायचो. दुपारी जेवणाच्या वेळेला सुरू व्हायचं आणि उन्हं कलली की थांबायचं. दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं तिथूनच पुढे.

रविवारी कच्चा रस्ता संपला. चाकं शांत झाली, डांबर लागल्यासारखी. मग तीन गतिरोधक पाठोपाठ, आणि लगेच दोन्ही बाजू खोल गेल्या.

तो चर मला ठाऊक होता. बारवीच्या रस्त्यावर पाण्याची पाईपलाईन टाकायला रस्ता आडवा कापलाय आणि नीट बुजवलेला नाही. त्याच्या अलीकडे तीन गतिरोधक आहेत. गिऱ्हाइकाची गाडी तपासायला मी नेहमी तिथूनच जातो. तीन गतिरोधक आणि मग चर म्हणजे धरणाकडून इकडे येताना. इथून तिकडे जाताना आधी चर लागतो.

मी शेडबाहेर आलो आणि वाटेकडे बघत उभा राहिलो. वाट रिकामी होती. खाचरांत बगळे होते.

४

मी अक्षयला फोन केला.

"बुश येऊ देत, नाही तर नको येऊ देत," मी म्हटलं. "जुनेच लावून देतो. तू गाडी घेऊन जा."

"काय झालं दादा? काही तुटलं काय?"

"तुटलं नाही काही."

"मग चार दिवस थांबा ना. अभी काम का बहुत लोड है. माल द्यायचाय."

त्याला काय सांगणार होतो? शिलाई मशीनचा आवाज येत होता फोनमधून. तिथे सगळी माणसं होती. मी फोन ठेवून दिला.

मग मी गाडी खाली उतरवायला घेतली. जॅक लावला, एक घोडी काढली आणि थांबलो. चाक जमिनीला टेकलं तर काय होईल, हे मला सांगता येईना. चाकं हवेत होती तोवर गाडी निदान इथे होती. मी घोडी परत लावली.

हे लिहायला विचित्र वाटतं, पण भीतीबरोबर आणखी एक गोष्ट होत होती. सोमवारी सकाळी मी घरापुढची ओटी झाडली. कोपऱ्यातली जळमटं काढली. चहापत्ती संपत आली होती ती आणली, सोबत बिस्किटाचा पुडाही आणला. बिस्किटं मी खात नाही. पुडा फळीवर ठेवताना माझ्या लक्षात आलं, आणि मी तो हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो.

त्या दिवशी संध्याकाळी हरिचंद्रकाका आले. ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण मोरीजवळच्या ओटीवर दिवसभर बसून असतात. त्यांची सून त्यांना सोडायला आली आणि दारातूनच परत गेली.

"भूपेश, तुजे घरी पाव्हना येनार हाय कं रं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. का?"

"रोज गारीचा आवाज येतंय. दुपारचे. परवा लांब व्हता. काल जरा जवल आला. आज वलनापरतं आला नि थांबला."

"कोणाची तरी असेल. टॉवरवाले येतात फिरायला."

"टॉवरवाल्यांची गारी परत जातं," काका म्हणाले. "ही परत गेली नाय."

त्यांनी चहा घेतला. मी बिस्किटाचा पुडा फोडला नाही. त्यांना मोरीपर्यंत हात धरून नेऊन सोडलं. येताना वळणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षय स्वतःच आला. बुश मिळाले होते आणि ते हातात घेऊन तो रिक्षातून उतरला. त्याला बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा हातच धरला.

"तब्येत बरी आहे ना दादा? फोनवर आवाज कसातरी वाटला म्हणून आलो."

"बरी आहे. चल, आत्ताच बसवू."

आम्ही दोघांनी मिळून बुश बसवले. मी घाई करत होतो. दुपार व्हायच्या आत गाडी गेली पाहिजे होती. तरी बारा वाजून गेले. गाडी जमिनीवर उतरली, चारही चाकांवर सरळ उभी राहिली, काही झालं नाही. बटणं मी मऊ बाजूला ठेवली, रस्त्यासाठी.

"चला एक राउंड मारू," अक्षय म्हणाला. "तुम्ही बसा बाजूला. तुम्हालाच समजेल काय कमी-जास्त."

मोरीवरून गेलो. वाट खराब आहे तिथे, पण गाडी अशी गेली जशी काचेवरून. मी अक्षयकडे बघितलं. तो हसत होता.

"क्या बात है, दादा."

पुढे मोठ्या रस्त्याला लागलो. शाळेपुढे गतिरोधक आहे, उंच, गाडीचं पोट घासतं असा. अक्षयने वेग कमी केला. बोनेटपुढे तो पट्टा आला आणि खाली गेला. काहीच लागलं नाही. पाण्यावरून गेल्यासारखं. आरशात बघितलं, गतिरोधक मागे होता.

"थांबव," मी म्हटलं.

"काय झालं? मस्त आहे हो. समजलंच नाही."

"इतकं चांगलं असं काही नसतं, अक्षय. कितीही मऊ केलं तरी चाक वर जातं. कळतंच."

"तुमचा हात लागलाय, म्हणून," तो म्हणाला. त्याने गाडी थांबवली नाही.

बदलापूर मागे टाकून आम्ही काँक्रीटच्या रुंद रस्त्यावर आलो. नवा रस्ता, सरळसोट. अक्षयने गाडी जरा पळवली. दुपारची वेळ होती. आणि तिथे, त्या सपाट रस्त्यावर, गाडी डावीकडे खाली गेली.

अक्षयने स्टिअरिंग आवळलं. पण गाडी सरळच जात होती. फक्त आम्ही दोघं डाव्या अंगाला कललो होतो, मग उजव्या. मग पुढून एक धप्पकन धक्का आणि तितकाच मागून, पण सावकाश. आमची गाडी साठच्या वेगात होती आणि धक्के बैलगाडीचे येत होते.

"टायर गेला काय?"

टायर ठीक होता. माझ्या घराच्या वाटेवरची मोरी होती ती. मोरीचा काठ डाव्या बाजूला खचलाय, तिथे चाक जरा खाली जातं. मग काकांच्या दारापुढचा चढ. गाडीचं नाक वर झालं. मग आमच्या आंब्याची मुळं, वाटेवर आडवी आलेली, दोन जाड आणि एक बारीक. मी डोळे मिटून घेतले होते, तरी मला माझं घर येताना दिसत होतं.

मग धक्के थांबले. इंजिनाचा आवाज तसाच होता, बाहेर ट्रक जात होते. गाडी किंचित खाली बसली, माझ्याच बाजूला, जसं कोणी उतरताना दाराच्या कडेवर भार देतं. आणि मग हलकी होऊन वर आली.

पुढच्याच क्षणी काँक्रीटच्या जोडावर चाकं टक-टक वाजली. मग एक बारीक खड्डा लागला. मग दुसरा. सगळं लागत होतं.

"आता बरोबर आहे," अक्षय म्हणाला. तो घामाने भिजला होता. "आधी काहीतरी अडकलेलं असेल. सुटलं. हो ना, दादा?"

"हो," मी म्हटलं. "सुटलं."

६

चहाच्या टपरीवर थांबलो. गाडी वर करून मी चारही चाकं तपासली. बोल्ट घट्ट, बुश जागेवर, तेलाची गळती नाही. गिऱ्हाइकाला द्यायला त्याहून चांगली गाडी मी कधी तयार केली नव्हती.

अक्षयने चहा सांगितला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही माझ्याबरोबर चला. आज आमच्याकडे राहा कॅम्पला. आई जेवायला वाढेल. शनिवारी ट्रॅकला जायचंय, तिथे पण चला. सेटिंग करायला कोणतरी पाहिजेच."

खरं तर मी हो म्हणायला पाहिजे होतं. त्याच्या घरी सात माणसं आहेत. खालच्या मजल्यावर कारखाना आहे, रात्रीपर्यंत मशीन चालतात. असं मला गेल्या कित्येक वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "घरी वाट बघत असतील."

अक्षयने ग्लास खाली ठेवला. "कोण?"

मी काय बोललो ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी काहीतरी सावरून घेतलं, काकांचं नाव सांगितलं. त्याने मला वळणापर्यंत सोडलं. मी उतरलो तरी तो लगेच गेला नाही. नंतर आरशातून हात केला आणि गेला.

उन्हं अजून होती. काका ओटीवर बसले होते. मी काही न बोलता पुढे निघालो होतो, पण त्यांनी पावलं ओळखली.

"आलं नं पाव्हनं?"

"कधी आले?"

"मगाशी. गारी थांबली, दार वाजलं. मना वाटलं तूच आलास." काका थांबले. "पावलं तुजीच व्हती."

घराच्या दाराला मी कुलूप लावून गेलो होतो. कुलूप तसंच होतं. दार उघडावं लागलंच नाही, कारण ओटीच्या पायरीवरच मी थांबलो.

आमच्या ओटीवर झोपाळा आहे, सागवानी फळीचा. आईचे गुडघे दुखायचे, झोक्याला हिसका बसू नये म्हणून मी वरच्या कड्यांना जुन्या स्कूटरच्या स्प्रिंगा लावून दिल्या होत्या. ती गेल्यापासून त्यावर कोणी बसत नाही.

झोपाळ्याचं एक टोक खाली गेलं होतं. भिंतीकडचं. त्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगा ताणलेल्या होत्या, साखळ्या ताठ होत्या. फळीवर काही नव्हतं. झोपाळा हलत नव्हता.

 आधी वाटलं आई. पण आई शेवटी शेवटी पाखरासारखी झाली होती, तिच्याने त्या स्प्रिंगा एवढ्या ताणल्या नसत्या. स्प्रिंग तुटली असेल म्हणावं, तर ताणलेली स्प्रिंग तुटलेली नसते. तिच्यावर भार असतो. एवढं मला कळतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेवढंच नीट कळलंय.

मागे वळलो असतो तर काकांच्या ओटीवर जाता आलं असतं. अक्षयला फोन करता आला असता, तो पोरगा परत आला असता. मी चपला काढल्या. पाय धुतले. दोन वर्षांनी माझ्या घरात माझ्या आधी कोणी येऊन बसलं होतं.

मी झोपाळ्याच्या मोकळ्या टोकाला बसलो, मांडी घालून, भिंतीकडे न बघता.

माझ्या बाजूच्या स्प्रिंगा दबक्या आवाजात ताणल्या गेल्या. फळी सावकाश खाली आली आणि थांबली. मी आयुष्यभर गाड्या तोलल्या आहेत, समतोल आला की तो मला अंगात कळतो. फळी सपाट झाली होती. सुताचाही फरक नव्हता. पलीकडे जे होतं त्याचं वजन बरोबर माझ्याएवढं होतं.

खाचरांवरून वारा आला आणि पडला. आम्ही बसून राहिलो.

मग झोपाळा हळूच मागे गेला आणि पुढे आला. माझे दोन्ही पाय मांडीत दुमडलेले होते.